टॅग तीनशे, टिपण सापडेना

प्रश्न : मी फोंड्याची शिक्षिका. गोव्यातल्या जत्रा नि शिगम्यावरची टिपणं ऑब्सिडियन या टिपणांच्या ॲपमध्ये ठेवते. टॅग, म्हणजे टिपणांना लावायच्या खुणेचे शब्द, तीनशेवर गेले, तरी वेळेला हवं ते मिळत नाही. काय करू?

उत्तर : बाई, मीही यातून गेलोय. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेवर लेख लिहायला बसलो, तर ‘जत्रा’खाली नऊ टिपणं आणि धोंडांच्या (देवीच्या व्रतस्थ भक्तांच्या) व्रताचं नेमकं टिपण गायब. ते मीच कधीतरी ‘जत्रोत्सव’खाली टाकलं होतं! यंत्राला ते दोन वेगळेच शब्द. तेव्हा एक रूप ठरवा नि तेच चालवा.

दुसरं, ‘शिरगाव’ टॅग कशाला? तो शब्द टिपणात आहेच, साध्या शोधात मिळतो. मजकुरात जे नसतं त्याला टॅग द्या. माझे सगळ्यात कामाचे तीन : ‘तोंडी’, ‘पडताळायचं’, ‘फोटो-हवा’. मधली आडवी रेघ विसरू नका. टॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही, नुसता ‘फोटो’ उरतो. (माझे असे कितीतरी ‘फोटो’ झाले होते.)

तिरकी रेघ मात्र जरूर वापरा : ‘उत्सव/जत्रा’, ‘उत्सव/शिगमो’. ‘उत्सव’ शोधलं की दोन्ही येतात, शिगम्यातल्या जांबावलीच्या गुलालासकट.

तीनशे एका बैठकीत निस्तरायला जाऊ नका, कंटाळाल. टॅगच्या यादीत प्रत्येकापुढे तो किती वेळा वापरलाय तो आकडा दिसतो. जिथे 1 आहे, तिथून काढायला लागा.