पंधरा वर्षांच्या गाडीचे हेडलाइट पिवळे पडलेत, आरटीओ पासिंगला अडवतील का?

तुमची गाडी 2011 ची, हेडलाइट दुधाळ झालेत, पुनर्नोंदणी तोंडावर आलीय. नवा सेट घ्यावा की पॉलिशने भागेल, असं विचारलंय. मी गेल्या वर्षी यातून गेलोय. आधी पॉलिश करा, पण नीट करा.

नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि पुढे 5 वर्षांसाठी वाढवून मिळते. फॉर्म 25 मुदत संपण्याआधीच्या 60 दिवसांत भरता येतो. तपासणीत दोन्ही दिवे लागतात का, अप्पर-डिपर होतो का, झोत कुठे पडतो हे बघतात. काच अगदीच आंधळी असेल तर झोत दिसणार कसा?

पण पासिंग हे माझ्या दृष्टीने दुय्यम आहे. उसाच्या हंगामात रात्री कराडकडून येताना पुढे चाललेली ट्रॉली मला अगदी जवळ गेल्यावर दिसली. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. शेजारी आई बसली होती. बल्ब चांगले होते, उजेड काचेतच अडकत होता. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालक संघटनेने 2018 मध्ये केलेल्या चाचणीत अशा जुन्या हेडलाइटचा डिपरवरचा उजेड नव्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढा भरला होता. मला त्याचं नवल वाटलं नाही.

ही काच म्हणजे पॉलिकार्बोनेट प्लास्टिक. त्यावर उन्हापासून वाचवणारा पातळ थर असतो. तो झिजला की प्लास्टिक पिवळं पडतं. टूथपेस्टने वरवरचा मळ निघतो, चार दिवस चमकतं, पण तो थर काही परत येत नाही. म्हणून कडेला मास्किंग टेप लावून पाणी मारत 800, 1500, 2000, 3000 नंबरचे वॉटर पेपर (ओल्याने घासायचे पॉलिश पेपर, नंबर जितका मोठा तितका बारीक) क्रमाने फिरवा, मग कंपाउंड म्हणजे पॉलिशची पेस्ट आणि शेवटी यूव्ही क्लिअर कोट, म्हणजे उन्हापासून वाचवणारा पारदर्शक थर. गॅरेजवाल्याला कोटाचं आधीच विचारा. माझ्या पहिल्या पॉलिशला तो मारलाच नव्हता, पावसाळा सरेपर्यंत पुन्हा पिवळं.

जास्त वॅटचे बल्ब मात्र टाकू नका. साधा एच-4 प्रकारचा बल्ब अप्परला 60 आणि डिपरला 55 वॅटचा असतो. धुरकट काचेतून जास्तीचा उजेड फाकतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर जातो.

आतून ओल धरली असेल किंवा बारीक तडे असतील, तर पॉलिशवर पैसे घालू नका, सेटच बदला. बदलल्यावर भिंतीवर झोत पाडून त्याची दिशा लावून घ्या आणि मगच आरटीओत जा.