तळवे सपाट आहेत, तरी रनिंग सुरू केलं तर चालेल का? बूट कोणते घ्यावेत?

धावा. बुटांचं नंतर बघू.

तुम्ही लिहिलंय की वय २६, राहायला कोपरखैरणे, तळवे लहानपणापासून सपाट, दुखत काहीच नाही, पण १० किमीची तयारी करायची म्हटल्यावर मित्र म्हणतात गुडघे जातील आणि दुकानदार म्हणतो आधी १४ हजारांचे मोशन कंट्रोल बूट (पाय आत झुकू नये म्हणून कडक केलेले) घ्या, वर इनसोल वेगळे. यातलं 'दुखत काहीच नाही' हे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय, पण माझ्या मते अख्ख्या प्रश्नात तेवढंच महत्त्वाचं आहे. न दुखणारा, लवचिक सपाट पाय हा आजार नाही. पायाची एक ठेवण आहे, जसं कोणाचं नाक बसकं असतं तसं.

आता मी एवढी ठामपणे का बोलतेय ते सांगते, कारण हे एक वाक्य वेळेवर न कळल्यापायी माझी आठ वर्षं गेलीत.

आमचं घर ठाण्याला, कोपरीत. न्हाणीतून ओल्या पायाने बाहेर आलं की शहाबादी फरशीवर ठसे उमटायचे. दादाचा पाय मधे बारीक, टाच आणि चवडा जोडणारी नुसती एक पट्टी. माझा टाचेपासून बोटांपर्यंत एकाच रुंदीचा, मधे कोरडी जागाच नाही. गौरी यायच्या दिवशी आई उंबऱ्यापासून मुठीने पावलं काढायची तीसुद्धा सगळी आतून वळलेली, आणि मी तिला विचारायचे की माझ्यासारखी एक तरी काढ ना. तेव्हा तो खेळ होता, त्याला काही नाव असतं हे माहीत नव्हतं.

नाव कळलं १९ व्या वर्षी. एका निमलष्करी दलाच्या भरतीला उतरले होते. मुलींना १.६ किमी साडेआठ मिनिटांत. मी वर्षभर पहाटे पाचला कोपरीतून स्टेशनचा पूल ओलांडून तलावपाळीला जायचे, बाबा सोबत यायचे, ते कट्ट्यावर घड्याळ धरून बसायचे आणि मी मासुंद्याला फेऱ्या मारायचे. पावसाळ्यातसुद्धा खाडा नाही. भरतीच्या दिवशी ७ मिनिटं १० सेकंदांत आले, माझ्या बॅचमध्ये दुसरी. उंची झाली, लांब उडी झाली, उंच उडी झाली, घरी फोन करून सांगितलं की झालंच समजा.

मग मेडिकल. आम्ही मुली अनवाणी रांगेत उभ्या. डॉक्टर खाली वाकले, बॉलपेनचं टोपण माझ्या तळव्याच्या आतल्या बाजूने सरकवून बघितलं, ते आत गेलं नाही, दुसऱ्या पायाला तेच केलं, कागदावर दोन शब्द लिहिले आणि पुढच्या मुलीला बोलावलं. मला चवड्यावर उभं राहा म्हणाले नाहीत, दुखतं का विचारलं नाही. मी आत्ताच धावून आलेय हे सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, नियम आहे. नियम खरंच आहे, या दलांच्या नोटिफिकेशनमध्ये नॉक नी (एकमेकांना टेकणारे गुडघे), फ्लॅट फूट, व्हेरिकोज व्हेन (पायाच्या फुगलेल्या शिरा) आणि तिरळेपणा हे चारही एका ओळीत लिहिलेले असतात, आजही बघा. पण त्याच प्रक्रियेत रिव्ह्यू मेडिकल, म्हणजे पुन्हा तपासणी, मागता येतं हे तेव्हा मला कोणी सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही. परत येताना लोकलमध्ये बूट पिशवीत घालून मांडीवर घेतले होते, ते अजून आठवतं, घातलेसुद्धा नव्हते, स्लिपरवर आले.

घरी आल्यावर दादा म्हणाला, "मी आधीपासून सांगत होतो, सपाट पायाच्या माणसाने धावू नये. बरं झालं आत्ताच कळलं, नाहीतर तिशीत गुडघे गेले असते." बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी माझे बूट माळ्यावर टाकले.

त्यानंतर मी आठ वर्षं धावले नाही. नोकरी, लग्न, नेरुळला आले, मुलगा झाला. कोणी अडवलं नव्हतं, पण डोक्यात बसलं होतं की माझ्या पायात खोट आहे आणि धावले तर ती बाहेर पडेल.

पुढे कधीतरी ऑफिसमधल्या एकाच्या मुलासाठी एनडीएचं, म्हणजे सैन्यात अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीचं, नोटिफिकेशन वाचत होते. त्यात हवाई दलाच्या मेडिकलचे निकष आहेत आणि सपाट पायाबद्दल जे लिहिलंय त्याचा अर्थ असा: चवड्यावर उभं राहिल्यावर तळव्याची कमान परत दिसत असेल, उमेदवार बोटांवर नीट उड्या मारू आणि धावू शकत असेल, पाय लवचिक आणि न दुखणारा असेल, तर तो फिट. आणि पाय कडक असेल तर आकार कसाही असो, बाद. मी ते तीनदा वाचलं. मग ऑफिसच्या वॉशरूममध्ये जाऊन सँडल काढून चवड्यावर उभी राहिले. दोन्ही पायांना कमान आली. चांगली, बोट आत जाईल एवढी. हे बघायला दोन सेकंद लागतात हो. तेव्हा ते दोन सेकंद कोणी दिले नाहीत.

तर पहिलं तुम्हीही हेच करा. आरशाकडे पाठ करून, भिंतीला हात टेकून चवड्यावर उभे राहा आणि मागून कोणाला तरी बघायला सांगा. कमान दिसली आणि टाच किंचित आत वळली तर पाय लवचिक. बसून अंगठा हाताने वर उचललात तरी कमान उभी राहते, कारण तळव्याखालचा जाड पडदा अंगठ्याभोवती दोरीसारखा ताणला जातो. एवढं होत असेल तर तुमचा पाय त्याचं काम करतोय.

आता गुडघे. दादाशी वाद घालायला म्हणून मी वाचायला लागले आणि वाचतच गेले. १९९३ साली अमेरिकेत पायदळाच्या २४६ रिक्रूटांचे, म्हणजे नव्याने भरती झालेल्यांचे, पाय मोजून ट्रेनिंगभर कोणाला किती दुखापती होतात ते बघितलं, तर सगळ्यात सपाट पायाच्या गटाला सगळ्यात कमी दुखापती झाल्या, उंच कमानवाल्यांना जास्त. ज्या सैन्याच्या नावाने आपण घाबरतो तिथलाच हा आकडा. आणि नुसत्या धावण्याचं म्हणाल तर २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज झाली, त्यात हौशी धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्क्यांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात निघाला आणि बैठ्या लोकांपैकी १०.२ टक्क्यांना. मी हे दोन्ही प्रिंट काढून दिवाळीत दादापुढे ठेवले. त्याने चष्मा लावून वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि म्हणाला, अमेरिकन माणसाचं वेगळं असतं.

मी परत सुरुवात केली २८ व्या वर्षी, नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यानात, मुलगा आईकडे ठेवून. आणि इथे मीही चूक केली, ती सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. महिन्याभरात ३ किमीवरून थेट ९ वर गेले, कारण आठ वर्षांचं साठलेलं होतं. डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला आणि घोट्याच्या मागे दुखायला लागलं. मी कोणाला सांगितलं नाही, दादाचं खरं ठरेल म्हणून. गुपचूप ऑनलाइन कडक प्लास्टिकचे आर्च सपोर्ट, म्हणजे कमानीखाली ठेवायचे टेकू, मागवले, तीन महिने घातले, तळव्याच्या मधोमध फोड आले आणि नडगी तशीच. शेवटी ठाण्यात नौपाड्याला एका फिजिओकडे गेले. त्या मॅडमनी पाय बघितला, सपाट आहे म्हणाल्या आणि विषय सोडून दिला. मग एका पायावर उभं राहून टाच उचलायला सांगितली, होतील तेवढ्या वेळा. उजव्याने २२. डाव्याने ९, दहाव्याला टाच थरथरून खाली आली. मॅडम म्हणाल्या, तुमची कमान धरून ठेवणारा स्नायू पोटरीत आत असतो, त्याची दोरी घोट्यामागून तळव्याखाली जाते, तो दमला की सगळा भार नडगीवर. प्लास्टिक काढा, स्नायू करा.

जिन्याच्या पायरीच्या कडेवर, दोन टाचांच्या मधे टेनिसचा बॉल दाबून, टाचा वर आणि हळूऽऽ खाली. रोज. आणि बसल्या बसल्या बोटं न दुमडता चवडा टाचेकडे ओढायचा, तळवा आखडतो तसा, पाच मोजेपर्यंत धरायचा. सुरुवातीला काही होतंय असं वाटतच नाही, दोन आठवड्यांनी तळव्यात गोळा येतो. तीन महिन्यांत दोन्ही पाय २५ ला आले आणि नडगी कधी थांबली ते कळलंसुद्धा नाही. त्यानंतर येऊरचा चढ केला, पाम बीचला १५ केले, आणि मुंबईची हाफ मॅरेथॉन केली, २१.०९७ किमी, पेडर रोडचा चढ न थांबता. बाबा तेव्हा नव्हते. कोपरीच्या माळ्यावरचे बूट आईने कधी देऊन टाकले ते तिला आठवत नाही. आज मी ३६ ची आहे, गुडघे जागेवर आहेत.

बुटांचं राहिलं. सपाट पायाला मोशन कंट्रोल, मध्यमला स्टॅबिलिटी, उंच कमानीला कुशन, हे जे दुकानात सांगतात, त्याप्रमाणे अमेरिकेच्या आर्मी, एअर फोर्स आणि मरीन्सच्या रिक्रूटांना बूट वाटून बघितले आणि बाकीच्यांना सरसकट एकच प्रकारचे दिले. दुखापतींत म्हणावा असा फरक पडला नाही. त्यामुळे जो बूट घालून दुकानात धावल्यावर पाय विसरला जातो तो घ्या. संध्याकाळी जा, पाय फुगलेले असतात, पुढे अंगठ्याएवढी जागा हवी आणि सपाट पायाला मधे रुंदी हवी, आपला पाय बहुतेक बुटांत आतल्या कडेला घासतो. १४ हजार नकोत, चार-पाच हजारांत होतं. ब्रँड विचारू नका, माझा पाय वेगळा, तुमचा वेगळा. कोपरखैरण्याला निसर्ग उद्यान आहे तिथे सुरू करा, २ मिनिटं धावणं १ मिनिट चालणं, आठवड्यात तीनदा, आणि दर आठवड्याला थोडंच वाढवा.

हे सगळं आज एवढ्या तावातावाने लिहायचं कारण म्हणजे माझी भाची. दादाची मुलगी, नऊ वर्षांची, खो-खो खेळते, आणि अशी वळते की बघत राहावं. गेल्या महिन्यात शाळेच्या तपासणीत सपाट तळवे निघाले आणि दादाने तिचं मैदान बंद केलं. वहिनीने कडक सोलचे बूट आणलेत, घरातसुद्धा घालायला लावते. अहो, आपल्याच देशात १९९२ साली २,३०० मुलांची पाहणी झालीय, बूट-चपला घालणाऱ्यांत ८.६ टक्के सपाट पाय निघाले आणि अनवाणी फिरणाऱ्यांत २.८. लहान मुलांचे पाय जन्मतः सपाटच असतात, कमान हळूहळू येते, दहा वर्षांपर्यंतसुद्धा, आणि पोरीचं काही दुखत नाहीये. रविवारी कोपरीला गेले तेव्हा तिला फरशीवर अनवाणी उभं केलं आणि म्हटलं चवड्यावर हो. तिची कमान धनुष्यासारखी वर आली. दादा सोफ्यावरून बघत होता. मी म्हटलं, ये, बोट घालून बघ. तो उठला नाही. पण चहा होईपर्यंत तिला बूट घाल असंही म्हणाला नाही.

एक गोष्ट दादाच्या बाजूने आहे आणि ती लपवणार नाही, उतारवयातल्या माणसांच्या पाहणीत सपाट पाय आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूचं दुखणं यांचा संबंध दिसलेला आहे. म्हणून पोटरी आणि मांडी बळकट ठेवा, वजन वाढू देऊ नका. आणि हे सगळं लवचिक पायाबद्दल चाललंय. चवड्यावर उभं राहूनही कमान येत नसेल, पाय आतबाहेर वळताना कडक वाटत असेल, किंवा आधी कमान होती आणि आता एकाच पायाची बसत चाललीय, घोट्याच्या आत सूज आहे, एका पायावर टाच उचलतच नाही, तर धावू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे जा, कारण ती दोरी खराब झाली तर व्यायामाने भागत नाही. शुगर असेल आणि पाय बधिर होत असतील तर आधी ते. इनसोलने कोणाला आराम पडत असेल तर त्याने खुशाल घालावेत, मऊ असतील तर मी नाही म्हणणार नाही. आणि १० किमी हौसेसाठी नसून भरतीसाठी असेल तर ते तुम्ही लिहिलेलं नाही, तसं असेल तर मेडिकलचा भाग आजच वाचा आणि रिव्ह्यू मेडिकल कुठे, किती दिवसांत मागायचं ते पाठ करून जा.

आज रात्री चवड्यावर उभे राहून बघा आणि कमान आली का ते इथे कळवा. एका पायावर टाच किती वेळा उचलली गेली तो आकडा पण लिहा, दोन्ही पायांचा वेगवेगळा.