मेमरिस्टर तापकीर गल्लीत मिळेल का?

प्रश्न : सर, मी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. रेझिस्टर, कपॅसिटर, इंडक्टर यांच्या पंगतीला मेमरिस्टर हा चौथा घटक सापडला असं वाचलं. प्रोजेक्टसाठी पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्स सामानाची तापकीर गल्ली पालथी घातली, कुणी नावही ऐकलेलं नाही. तो बाजारात कधी येईल? त्याच्या मागे लागण्यात अर्थ आहे का?
– एक विद्यार्थी, कोथरूड

उत्तर : दुकानदारांना दोष देऊ नकोस. मेमरिस्टर रेझिस्टरसारखा पुडीत बांधून मिळायचा नाही, आणि तशी वाटही पाहू नकोस. त्याची जागा चिपच्या पोटात आहे.

लिऑन चुआ या शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये तो आधी कागदावर मांडला : आपल्यातून किती विद्युतभार वाहून गेला त्याप्रमाणे रोध (रेझिस्टन्स) बदलणारा घटक. २००८ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेत स्टॅन विल्यम्स यांच्या गटानं टायटॅनियम डायऑक्साइडच्या काही नॅनोमीटर जाडीच्या थरात तो दाखवला. या थरात ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा असतात. व्होल्टेज दिलं की त्या सरकतात आणि रोध बदलतो; वीज काढली तरी सरकल्या तिथंच राहतात. म्हणजे पुरवठ्याशिवाय टिकणारी मेमरी. त्याला खरोखर ‘चौथा मूलभूत घटक’ म्हणावं का, यावर तज्ज्ञांत वाद आहे. तुझं त्यावाचून अडत नाही.

२०१० मध्ये एचपी आणि मेमरी चिप बनवणारी हायनिक्स यांनी हातमिळवणी केली तेव्हा पेनड्राइव्हमध्ये असते त्या फ्लॅश मेमरीचे दिवस भरले असं बोललं गेलं. तसं झालं नाही. फ्लॅशच स्वस्त होत गेली. पण पॅनासॉनिकनं २०१३ मध्ये याच जातीची रेझिस्टिव्ह रॅम असलेले मायक्रोकंट्रोलर काढले. २०२२ मध्ये इन्फिनिऑन आणि टीएसएमसी या चिप कंपन्यांनी ती गाड्यांच्या कंट्रोलरमध्ये आणण्याचं जाहीर केलं. कारण साधं आहे : २८ नॅनोमीटरच्या खाली चिपवरच फ्लॅश बसवणं अवघड आणि खर्चिक होतं.

मला सर्वांत जास्त आशा वाटते ती गणिताच्या कामाची. मेमरिस्टरची उभीआडवी जाळी केली की प्रत्येक छेदावर ओहमच्या नियमानं गुणाकार होतो आणि प्रत्येक तारेवर किरचॉफच्या नियमानं बेरीज. डेटा मेमरीतून प्रोसेसरपर्यंत नेण्यात जाणारी ऊर्जा वाचते, आणि एआयला नेमकं हेच हवंय. बंगळूरच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेमधल्या गटानं २०२४ मध्ये रेणूंच्या थरात रोधाच्या १६,५०० वेगवेगळ्या पायऱ्या दाखवल्या. हे आपल्याकडे घडतंय याचा मला मनापासून आनंद आहे. तेव्हा मागे जरूर लाग, पण घटक विकत घ्यायला नव्हे. सेमीकंडक्टर फिजिक्स आणि चिप डिझाइन पक्कं कर.

प्रोजेक्टसाठी मेमरिस्टरसारखं वागणारं सर्किट बांध. ऑप-अँप गल्लीत सहज मिळतील. एडी ६३३ हा मल्टिप्लायर मिळाला नाही तर ऑनलाइन मागव. त्याआधी एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरवर चालवून बघ, ते फुकट आहे. साइन वेव्ह देऊन ऑसिलोस्कोप एक्स-वाय मोडवर ठेव. करंट-व्होल्टेजचा वक्र शून्यापाशी चिमटलेला, आडव्या इंग्रजी आठासारखा दिसला पाहिजे. मग फ्रिक्वेन्सी वाढवत जा. आठाची पोटं आक्रसून जवळजवळ सरळ रेघ उरली तर सर्किट बरोबर आहे. दोन्ही वक्र रिपोर्टमध्ये शेजारी-शेजारी लाव. परीक्षक पहिल्यांदा तेच विचारतील.