आधी बैठक, मग चेंडू

ग्वाल्हेर

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. डी-१० ची, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्यापाशी मज्जारज्जूला झालेली दुखापत, त्याला दीड वर्ष झालं, हात आणि खांदे मजबूत आणि व्हीलचेअर बास्केटबॉल खेळायची इच्छा. फार बरं वाटलं वाचून. दिव्यांग खेळाडूंसाठीचं अटल बिहारी वाजपेयी प्रशिक्षण केंद्र आपल्याच गावात आहे. २ ऑक्टोबर २०२३ ला त्याचं उद्घाटन झालं. तिथे चौकशी करच. पण तू पत्रात चेंडू कुठला घेऊ, बास्केटवर नेम कसा धरू एवढंच विचारलं आहेस. खुर्चीबद्दल एक ओळ नाही, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

तू आता ज्या खुर्चीत बसतेस ती दवाखान्यातली घडीची खुर्ची. वजन अठरा-वीस किलो, बैठक अठरा इंच रुंद, मग माणूस कसाही असो. तुझ्यासारख्या सडपातळ मुलीच्या दोन्ही बाजूंना त्यात तीन-तीन बोटं जागा उरत असणार. वळताना खुर्ची आधी वळते आणि तू मागून सरकतेस. कंबरेचे स्नायू अर्धवट काम करतात तेव्हा हा सरकण्याचा धक्का थांबवायला तुझे हात खर्ची पडतात, चेंडूसाठी उरतच नाहीत. खेळाची खुर्ची दहा-बारा किलोची, न घडणारी असते आणि तिची बैठक कुल्ल्यांच्या मापाइतकीच हवी. तळहात आडवा न जाता उभा कसाबसा जाईल एवढीच फट. नवीन चप्पल पहिल्या दिवशी आवळते तशी ती आवळेल, आवळू दे.

बैठकीची पुढची कड मागच्यापेक्षा उंच ठेवतात, म्हणजे गुडघे वर आणि कुल्ले खाली खोलगट बसतात. त्यामुळे धड पुढे कलंडत नाही. तुझ्या पातळीच्या दुखापतीला दोन-तीन इंचांचा फरक सुरुवातीला ठीक. त्याहून जास्त केलास तर स्थिरता वाढेल, पण सगळा भार माकडहाडावर आणि बसायच्या हाडांवर येईल आणि तिथे तुला संवेदना नाही. म्हणून उतार वाढवायचा तर अर्ध्या-अर्ध्या इंचाने, आणि प्रत्येक वेळी त्वचा तपासून.

चाकं वरून आत झुकलेली असतात, त्याला कॅम्बर म्हणतात. बास्केटबॉलला साधारण १५ ते २० अंश. खुर्ची झटकन वळते, बाजूने धक्का बसला तरी उलटत नाही आणि दुसऱ्याच्या चाकाला तुझी बोटं घासत नाहीत. पण खालची रुंदी तीन फुटांच्या आसपास जाते. लष्कर भागातल्या जुन्या घरांचे दरवाजे तुला माहीतच आहेत. खुर्ची येईल आणि उंबऱ्यापाशीच अडेल. म्हणून चाकं बटण दाबून निघणारीच घे. ई-रिक्षात ठेवायलाही तीच सोय.

टायरचं एक लक्षात ठेव, यात बरेच जण फसतात. व्हीलचेअरचं २५ इंची चाक म्हणजे ५५९ मिमीची रिम. सायकलच्या दुकानात माउंटन बाईकचं म्हणून जो २६ इंची टायर मिळतो, तोही ५५९ चाच. पण व्हीलचेअरचं २४ इंची चाक ५४० चं असतं आणि माउंटन बाईकचा २४ इंची टायर ५०७ चा, तो तिथे बसणार नाही. इंच सांगू नकोस. टायरच्या कडेवरचा तीन आकडी नंबर वाचून दाखव. हवेचा दाबही तिथेच छापलेला असतो. हवा कमी असेल तर प्रत्येक ढकलीला जोर जास्त लागतो आणि त्याची किंमत खांदा मोजतो.

पट्टे तीन: कमरेला, मांड्यांना, पावलांना. कमरेचा पट्टा पोटावर नको, मांडी आणि पोट मिळतात त्या घडीत. मागे खुर्ची उलटू न देणारं छोटं अँटी-टिप चाक असू दे, जमिनीपासून फार तर दोन सेंमी वर. तरीही पडशील. मागे पडताना हनुवटी छातीला लाव, एक हात गुडघ्यांवर आडवा धर, नाहीतर गुडघे तोंडावर येतात. हात मागे टेकायचा नाही, मनगट तिथेच मोडतं. हे गादीवर, दोन माणसं धरायला घेऊन आधी शिक.

पहिले सहा आठवडे चेंडू बाजूला. आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटं. पुश रिमवर, म्हणजे चाकाबाहेरच्या ढकलायच्या कड्यावर, हात घड्याळाच्या अकरावर ठेवून साधारण दोन-तीनपर्यंत न्यायचा, सोडायचा आणि रिमच्या खालून सैल झुलवत मागे आणायचा. रिमच्या वरून हात परत आणू नकोस, त्या सवयीने ढकली छोट्या आणि जास्त होतात. २० मीटरच्या दहा धावा, मध्ये मिनिटभर थांबून. मग पाच मीटर अंतरावर दोन बाटल्या ठेवून आठच्या आकड्यात फिरायचं, दोन्ही दिशांनी. मग पूर्ण वेगात येऊन जागच्या जागी थांबणं. हे थांबणंच खेळात सर्वांत उपयोगी पडतं आणि सरावात सगळ्यांत कमी होतं.

दिवसभर तू पुढेच ढकलतेस, म्हणून पाठीसाठी उलटा व्यायाम हवाच. रबर बँड खिडकीच्या गजाला बांध. कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर वळवायचा, पंधराचे तीन वेळा. त्याच बँडने कोपर मागे खेचायचे, तेवढेच. खांद्यात पुढच्या बाजूने टोचायला लागलं की ढकलणं थांबव आणि फिजिओला दाखव. तुझ्यासारखीचा खांदा बिघडला तर खेळ तर जातोच, पलंगावरून खुर्चीत येणंही जातं.

आता त्वचा. कृपा करून हे दोनदा वाच. दर वीस-तीस मिनिटांनी पुढे वाकून छाती मांड्यांवर टेकवायची आणि दोन मिनिटं तशीच राहायचं. हाताने क्षणभर उचलून पुन्हा बसणं पुरत नाही, रक्त परत यायला तेवढा वेळ लागतो. घरी गेल्यावर आरशात बसायची हाडं, माकडहाड आणि टाचा पाहायच्या. लाल डाग दिसला आणि अर्ध्या तासात गेला नाही, तर तो पूर्ण जाईपर्यंत त्या जागेवर बसायचं नाही. मग उद्या सामना असला तरी नाही. एक बेडसोर, म्हणजे दाबाने पडलेली जखम, महिनोन् महिने पालथं झोपवतो.

लघवीसाठी दर चार ते सहा तासांनी कॅथेटर (लघवी काढायची नळी), सरावाच्या आधी नक्की. पाणी कमी पिऊन वेळ वाचवू नकोस, त्याने संसर्ग होतो. मे-जूनमध्ये इथे पारा पंचेचाळीसवर जातो आणि दुखापतीच्या खाली तुला घाम नीट येत नाही. पहाटेच सराव कर, फवाऱ्याची बाटली आणि ओला टॉवेल जवळ ठेव. थंडीत उलट काळजी. शेगडी, हीटर, गरम पाण्याची पिशवी पायांजवळ नको. भाजेल आणि तुला कळणारही नाही.

संघात डी-६ किंवा त्याहून वरची दुखापत असलेलं कोणी असेल आणि त्याचं डोकं अचानक ठणकायला लागलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर तो थकवा समजू नका. त्याला ताठ बसवा, पट्टे सैल करा, कॅथेटर तुंबलंय का पाहा. उतरलं नाही तर ताबडतोब डॉक्टर. रक्तदाब जीवघेणा चढतो.

नियमांपैकी आत्ता एवढेच पुरे. दोन ढकलींनंतर चेंडू टप्पा, पास किंवा नेम. बास्केट ३.०५ मीटरवरच, खुर्चीसाठी खाली येत नाही. मुलींचा चेंडू ६ नंबरचा. प्रत्येक खेळाडूला शरीराच्या हालचालीच्या क्षमतेप्रमाणे १.० ते ४.५ गुण मिळतात, क्षमता जास्त तितके गुण जास्त, आणि मैदानावरच्या पाच जणींची बेरीज १४ पेक्षा जास्त चालत नाही. म्हणून कमी गुणांच्या खेळाडूला संघात खरी किंमत असते. तुझे गुण परीक्षक तुला तपासून आणि खेळताना पाहून ठरवतील. सरकारी दाखल्यावरच्या टक्क्यांशी त्याचा संबंध नाही. तिथे जमतं ते जमतं म्हणायचं, कमी दाखवायचं नाही.

आणि सहा महिन्यांनी बास्केटबॉल मनाला नाही भावला तर वाईट वाटून घेऊ नकोस. आपल्या ग्वाल्हेरची प्राची यादव आधी पोहायची, मग कॅनोईंगकडे, म्हणजे होडी वल्हवण्याच्या शर्यतीकडे वळली आणि टोकियो पॅरालिम्पिकपर्यंत गेली. मुरलीकांत पेटकर मुळात बॉक्सर होते, त्यांनी १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक आणलं.

रविवारी आईकडून टेपने मापं घे आणि मला पाठव: बसल्यावर कुल्ल्यांची रुंदी, पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, बैठकीपासून खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकापर्यंत. तुझं वजनही लिही. आणि घराच्या सगळ्यात अरुंद दरवाजाची रुंदी, फळी उघडी धरून.

तुझा,
काका