1 मे ची सुट्टी नेमकी कशाची, महाराष्ट्र दिनाची की कामगार दिनाची?

दोन्हीची. पण कामगार दिन जुना आहे, महाराष्ट्र दिन 1960 पासूनचा.

1 मे 1886 ला अमेरिकेत लाखो कामगार संपावर गेले, मागणी एकच की दिवसाला आठ तासच काम. 4 मे ला शिकागोच्या हेमार्केटमध्ये सभा चालू असताना बॉम्ब फुटला, पोलिसांनी गोळीबार केला आणि पुढे कामगार नेत्यांना फाशी झाली, बॉम्ब नक्की कोणी टाकला ते सिद्ध न होताच. मग 1889 ला पॅरिसमध्ये जगभरच्या समाजवादी आणि कामगार संघटनांच्या परिषदेत ठरलं आणि 1890 पासून हा दिवस जगभर पाळायला लागले. भारतात पहिल्यांदा 1923 ला मद्रासमध्ये, कामगार नेते सिंगारवेलू चेट्टियार यांनी.

आपल्याकडचं एक नाव मात्र माहीतच पाहिजे, नारायण मेघाजी लोखंडे. मुंबईच्या गिरण्यांमध्ये तेव्हा आठवड्याची सुट्टीच नव्हती, त्यांनी 1884 पासून लावून धरलं आणि 1890 मध्ये रविवार सुट्टीचा झाला.

माझे आजोबा परळला गिरणीत होते. भोंगा झाला की निघायचे, घरी यायचे तेव्हा केसात, भुवयांत कापसाची तूस चिकटलेली असायची, आजी आधी ओल्या फडक्याने ती पुसायची मग चहा. 1 मे ला मला हुतात्मा चौकात न्यायचे आणि तिथला मशाल धरलेला कामगार आणि शेतकरी दाखवायचे. संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणी कामगार रस्त्यावर उतरले होते ना, म्हणून मला तरी हे दोन दिवस वेगळे वाटतच नाहीत. आणि आज डिलिव्हरीवाली पोरं बारा-बारा तास गाडीवर असतात, आठ तासांची मागणी त्यांच्यासाठी अजून तशीच उभी आहे.