फ्रेंच वाफेच्या टॉर्पेडो बोटीचं मॉडेल करायचंय, खरी माहिती कुठून काढायची?

तुम्ही विचारलंय की 1880-90 च्या सुमाराच्या फ्रेंच टॉर्पेडो बोटीचं मॉडेल करायचंय, फ्रेंच येत नाही, आणि एकाच नंबरच्या बोटीची दोन-तीन वेगळी रूपं दिसतात. त्यातलं खरं कुठलं धरायचं? बहुतेक वेळा सगळीच खरी असतात, फक्त वेगवेगळ्या वर्षांची. म्हणून नंबर ठरवलात की लगेच वर्षही ठरवा. या छंदात मी जे काही शिकलो त्यात हेच सगळ्यात उपयोगी पडलं.

फ्रेंच नौदलाने या छोट्या बोटींना नावं न देता नंबर दिले आणि ते 369 पर्यंत गेले. 1886 मध्ये ॲडमिरल ओब नौदलमंत्री झाले. स्वस्तातल्या लहान बोटींचे थवे पाठवून इंग्रजांच्या मोठ्या युद्धनौकांना धाक घालायचा, हा त्यांचा विचार. त्या लाटेत 35 मीटरच्या बोटी ढीगभर बांधल्या गेल्या, पण खवळलेल्या समुद्रात त्या फार डोलायच्या, त्यामुळे नंतर त्यांच्यात बरेच फेरफार झाले. बॉयलर बदलला की धुराडंही बदलायचं. त्यामुळे बांधतानाचा आराखडा आणि दहा वर्षांनंतरचा फोटो जुळत नसेल तर डोकं धरून बसू नका.

आराखड्यांसाठी पहिलं ठिकाण म्हणजे पॅरिसजवळच्या व्हॅन्सेन किल्ल्यातलं फ्रेंच संरक्षण खात्याचं ऐतिहासिक दप्तर. तिथल्या ‘आत्लास द्यु जेनी मारितीम’ या जुन्या छापील आराखड्यांच्या संग्रहातले बरेच कागद आता स्कॅन झालेत. पॅरिसच्या नौदल संग्रहालयात मूळ काळातली मॉडेलं आहेत. आराखडा हातात आला की घाईने प्रिंट मारू नका. जुना कागद आडवा आणि उभा सारखा आटत नाही, तेव्हा लांबी आणि रुंदी दोन्ही छापील आकड्यांशी स्वतंत्रपणे पडताळून घ्या.

फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाची ‘गॅलिका’ ही साइट तर फुकट खजिना आहे. 1878 मध्ये सुरू झालेलं ‘ल यॉट’ हे साप्ताहिक तिथे चाळा. भाषांतराचं ॲप कामचलाऊ मदत करतं, पण एक लक्षात असू द्या: त्या काळच्या फ्रेंच मजकुरात ‘टॉर्पिय’ म्हणजे पाण्यात पेरलेला सुरुंगही असतो, लांब दांड्याच्या टोकाला बांधलेला स्फोटकही असतो आणि स्वतः पळणारा व्हाइटहेड टॉर्पेडोही.

हा फरक मॉडेलवर थेट दिसतो. उदाहरणार्थ 45 आणि 46 नंबरच्या बोटी. 23 ऑगस्ट 1884 ला चीनमध्ये फूचौजवळ मिन नदीत फ्रेंच ॲडमिरल कूर्बेच्या ताफ्यातल्या या दोन बोटींनी हल्ला केला आणि 46 ने ‘यांगवू’ हे चिनी जहाज बुडवलं. दोघींकडे दांड्याचे टॉर्पेडो होते. लढाईतली 46 करायची आणि तिच्यावर व्हाइटहेड टॉर्पेडो सोडायची नळी बसवायची, हे चालणार नाही. या लढाईची कोरीव चित्रं भरपूर मिळतील, ती भिंतीवर लावा. मापं त्यावरून घेऊ नका. चित्रकार बहुधा पॅरिसमध्ये बसलेला असायचा.

रंगाचं मात्र नीट बघावं लागतं. त्या काळच्या फोटोच्या काचेच्या प्लेटांना निळा प्रकाश पटकन दिसायचा आणि लाल जवळजवळ दिसायचाच नाही. म्हणजे फोटोत निळं पांढरट येतं आणि लाल काळं. सुदैवाने बोटीच्या मागे बहुतेक वेळा फ्रेंच झेंडा असतो! त्याचा निळा पट्टा पांढऱ्यात मिसळून गेलाय आणि लाल पट्टा कोळशासारखा दिसतोय, असं असेल तर त्याच फोटोतला बोटीचा ‘काळा’ रंग काळाच असेल असं धरू नका, तो लालसर तपकिरीही असू शकतो. उलट ‘फिकट’ दिसणारा भाग निळसर करडा असू शकतो. दक्षिण फ्रान्समधल्या तूलाँ बंदरातल्या मारियुस बार स्टुडिओने तिथल्या जहाजांचे पुष्कळ फोटो काढलेत, त्यांची जुनी पोस्टकार्डंही मिळतात. पोस्टकार्डावर हाताने चढवलेले रंग सोडून द्या. टपालाचा शिक्काही बघा, पण फोटो शिक्क्याच्या कितीतरी वर्षं आधीचा असू शकतो.

पत्र्याचे सांधे आणि रिव्हेट यांच्या मागे लोक फार लागतात. हिशोब करून बघा: 3 मिलिमीटरचा पत्रा 1:50 प्रमाणाला, म्हणजे पन्नासपट लहान केला की, 0.06 मिलिमीटर होतो, म्हणजे साध्या झेरॉक्सच्या कागदाहून पातळ. मी तिथे सिगारेटचा कागद वापरतो, आणि बरेचदा तोही जाडच वाटतो.

तळ्यात चालवायचा विचार असेल तर प्रमाण ठरवण्याआधी वजन काढा. 35 मीटरची बोट पन्नासएक टनांची. 1:50 ला मॉडेल 70 सेंटिमीटर लांब होतं, पण वजन प्रमाणाच्या घनात घटत असल्याने सगळं मिळून जेमतेम 400 ग्रॅम भरायला हवं. त्यात मोटर आणि बॅटरी कशीबशी बसेल, खरा बॉयलर विसरा. 1:25 ला लांबी 1.4 मीटर होते आणि वजनाला सव्वातीन किलोची मुभा मिळते. वाफेवरच चालवायचं असेल तर याहून लहान प्रमाणाच्या वाटेला जाऊ नका.