प्रश्न तुमचे: सासूबाईंना वाळवंटात न्यायचं का?

प्रश्न : डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण (मी, नवरा, ९ आणि १३ वर्षांची मुलं, ७१ वर्षांच्या सासूबाई) आमच्या डिझेल फोर बाय फोरने जैसलमेर-तनोटला निघतोय. नवऱ्याला डांबर सोडून वाळूतून जायचंय, रात्री तंबूही ठोकायचाय. गाडी एकच. तो म्हणतो, माळशेजला भर पावसात चिखलातून काढलीय, वाळूत काय अवघड आहे? सासूबाईंना न्यावं की नको?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : सासूबाईंना न्या. आवरायचंय ते नवऱ्याला.

चिखलाखाली कुठेतरी टणक जमीन लागते. वाळूचं तसं नाही, चाक फिरेल तसं ते खालीच जातं. हे मी पुस्तकी सांगत नाहीये. आमचाच घोळ ऐका. जैसलमेरजवळच्या खुरी गावाबाहेर, दुपारी बाराची वेळ. टायरमधली हवा कमी करायची असते हे ठाऊक होतं, पण ‘एवढ्याशा पट्ट्यासाठी कशाला’ असं मीच म्हणाले. डांबरावरच्या नेहमीच्या ३४ पीएसआय प्रेशरवर गाडी आत घातली. शंभर पावलं गेलो असू, गाडी जड झाली. नवऱ्याने घाबरून अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि बघता बघता गाडी पोटावर बसली. फावडं ठाण्याला, गॅलरीत कुंड्यांच्या मागे. मुलीने जेवणाच्या पिशवीतून स्टीलची थाळी काढली आणि आम्ही आळीपाळीने वाळू उपसायला लागलो. जेवढी काढावी तेवढी वरून ओघळायची. तासाभराने शेळ्यांमागून एक म्हातारबाबा आले. खड्ड्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही, थेट टायरकडे बघितलं. म्हणाले, ‘हवा निकालो.’ किल्लीच्या टोकाने वॉल्व्ह दाबून चारही टायर चांगले बसके केले, आणि आलो त्याच चाकोरीतून रिव्हर्समध्ये, अगदी हळू, गाडी बाहेर आली. बाबा तोवर पुढे गेलेही होते.

हवा कमी केली की टायर लांबीला जास्त टेकतो, वजन पसरतं, आणि चाक वाळू खणायच्या ऐवजी तिच्यावरून चालतं. साधारण १८ पर्यंत आणा. १५ च्या खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून सुटायची भीती. डांबरावर परतल्यावर हवा भरायलाच हवी, म्हणून गाडीच्या बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर घ्या, आणि एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चारही टायरांची हवा काढून परत भरून बघा. वॉचमन हसेल, हसू दे. वाळूत ब्रेक दाबू नका, गाडी आपोआप थांबू द्या, तीही उताराकडे तोंड करून. भर दुपारी धोऱ्यावर चढू नका. (तिथे टेकाडाला धोरा म्हणतात.) ऊन डोक्यावर असलं की सावली फारशी पडत नाही आणि पलीकडची कड तुटलेली आहे हे दिसतच नाही. सकाळी लवकर सगळं स्वच्छ दिसतं.

एकट्या गाडीने मात्र आत जायचंच नाही. दुसरी गाडी, ओढायचा पट्टा, फावडं, हे नसेल तर जैसलमेरजवळच्याच सम किंवा खुरी गावी तिथल्याच ड्रायव्हरच्या जीपमधून मुलांना फिरवून आणा. नवऱ्याचा चेहरा पडेल, पण संध्याकाळपर्यंत सावरतो, अनुभव आहे. नाताळच्या आठवड्यात समला ठाण्याच्या तलावपाळीवरच्या रविवारसारखी गर्दी असते, त्यापेक्षा खुरी बरं. आणि रिकामं दिसतं ते सगळं मोकळं रान नसतं. तिथे डेझर्ट नॅशनल पार्क आहे, गावांनी राखलेली ओरणं, म्हणजे देवराया, आहेत. तिथला माळढोक पक्षी जमिनीवरच अंडं घालतो, तेही एकच, ते चाकाखाली यायला नको. सीमेकडे तर डांबर सोडायचा विचारसुद्धा नको.

तसं डांबरावरूनही वाळवंट भरपूर दिसतं. जैसलमेर, रामगढ, तनोट, तिथून लोंगेवाला आणि परत रामगढ असा फेरा करा. तनोट-लोंगेवाला रस्ता धोऱ्यांमधूनच वरखाली होत जातो. तनोट मातेचं मंदिर सीमा सुरक्षा दल सांभाळतं. १९६५ च्या युद्धात पडलेले, न फुटलेले तोफगोळे तिथे मांडून ठेवलेत. लोंगेवालाला डिसेंबर १९७१ च्या लढाईतले रणगाडे आहेत. माझ्या सासूबाई तोफगोळ्यांपुढे हात जोडून उभ्या राहिल्या होत्या, त्यांना तिथून हलवायला वेळ लागला. डिझेल रामगढला भरून घ्या, पुढच्या भरवशावर राहू नका.

पाणी माणशी दिवसाला ५ लिटर धरा, म्हणजे तुमचं २५. एकाच मोठ्या जारमध्ये नको, लहान कॅनमध्ये वाटून ठेवा, एखादा गळला तर बाकीचे राहतात. मोबाइलला रेंज येईल न येईल, म्हणून जैसलमेरला जिथे उतराल तिथे वेळ सांगून निघा: सातपर्यंत नाही आलो तर शोधायला या. गाडी बंद पडली तर गाडीजवळच थांबा. नवऱ्याने सॅटेलाइट फोन आणायची टूम काढली तर स्पष्ट नाही म्हणा, परवान्याशिवाय तो बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे.

खरा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत. ७१ व्या वर्षी गुडघे घेऊन वाळूत शौचाला बसायचं कसं? मधे भोक असलेली घडीची खुर्ची मिळते, ती आणि आडोशाला जुनी नऊवारी घ्या. तंबूचं म्हणाल तर सासूबाईंना भिंतींची खोलीच द्या. रात्री पारा दहाच्या खाली जातो, आणि आपल्याकडे स्वेटर असतो तो महाबळेश्वरच्या लायकीचा. कानटोपी, लोकरीचे मोजे, गरम पाण्याची पिशवी हवीच.

आणि फावडं घेतलंत तरी थाळी एक जास्तीची टाका. आमची तेव्हा वाकली ती वाकलीच, आता पोळ्यांवर झाकायला वापरते.